जुन्या पिस्तुलांचे जतन व वापर (भोर व वेल्हे)

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील सह्याद्रीलगतचे तालुके आहेत. वंशपरंपरेने आलेली शस्त्रे घरात जपण्याची परंपरा येथील जुन्या घराण्यांत आहे. अशा संग्रहांत तलवारी, दांडपट्टे, कट्यारी व भाले यांच्या तुलनेत पिस्तूल ही अपवादानेच आढळणारी वस्तू होय. मात्र ते आढळले की धारदार शस्त्राबाबत सहसा न पडणारा प्रश्न उभा राहतो. हे शस्त्र चालते ठेवावे, अधूनमधून वापरावे, की केवळ वारसावस्तू म्हणून जतन करावे, असा तो प्रश्न आहे. परदेशातील संग्राहकांमध्ये हा वाद मुख्यतः शस्त्राचे मूल्य व झीज यांभोवती फिरतो. भारतात तो प्रथम कायद्याचा आणि नंतर धातुशास्त्राचा प्रश्न ठरतो, कारण भारतीय शस्त्र कायदा जुन्या बंदुकीला तिच्या वयावरून सूट देत नाही. ती गोळी झाडू शकते की नाही यावरून देतो. परिणामी ज्या गुणामुळे जुने पिस्तूल संग्रहणीय ठरते, म्हणजे त्याची मूळ व अखंड यंत्ररचना, त्याच गुणामुळे ते परवान्याच्या कक्षेत येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भोर व वेल्हे हा प्रदेश शिवकाळात बारा मावळांचा भाग होता. रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ आणि कानद मावळ ही नावे नीरा, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांशी निगडित आहेत. राजगड, तोरणा (प्रचंडगड) आणि रोहिडा (विचित्रगड) हे किल्ले याच परिसरात येतात. छत्रपती राजारामांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले व त्यांच्या घराण्याकडे हा मुलूख राहिला. पुढे त्याचे भोर संस्थान झाले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे या संस्थानाचे पाच तालुके होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली.

मराठ्यांच्या सैन्यात बंदुका मोठ्या प्रमाणावर होत्या, परंतु पिस्तूल हे मावळ्याचे नेहमीचे शस्त्र नव्हते. डोंगरी किल्ल्याच्या शिबंदीला लांब नळीची तोड्याची बंदूक अधिक उपयोगी पडे. आखूड नळीचे, एका हाताने चालवायचे पिस्तूल हे मुख्यतः घोडेस्वाराचे व अंमलदाराचे शस्त्र होते. चकमकीच्या यंत्राची पिस्तुले युरोपीय व्यापाऱ्यांकडून खरेदी, लूट किंवा नजराण्याच्या रूपाने १८ व्या शतकात दख्खनमध्ये पसरली. खुद्द ‘पिस्तूल’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांच्या संपर्कातून आला, असे मानले जाते. घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीसाठी मराठीत रुळलेला ‘कडाबीन’ हा शब्दही परकीय मूळाचाच आहे.

शस्त्रांच्या निगेची मराठी परंपरा मात्र जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हे १८ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. त्यातील दुर्गांविषयीच्या भागात पावसाळ्यापूर्वी तोफांना तेल व मेण द्यावे, त्यांचे कान (बत्ती देण्याची छिद्रे) मेणाने बंद करावेत आणि तोफांवर आच्छादने घालावीत, अशी आज्ञा आहे. दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याविषयी व दारूला वेळोवेळी ऊन देण्याविषयीही तेथे सांगितले आहे. तोरण्याच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर या काळात पडणारा पाऊस व दाट धुके पाहिले म्हणजे या आज्ञेचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. आजचे संग्रहालयतज्ज्ञही लोखंडी वस्तूवर मेणाचा पातळ थर देण्याचीच शिफारस करतात.

ब्रिटिश अमलात १८७८ च्या भारतीय शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखातील प्रजेवर परवान्याची सक्ती आली. संस्थानिक आणि काही सरदार यांना त्यातून सूट होती, आणि संस्थानांच्या हद्दीत हा कायदा थेट लागू नव्हता. त्यामुळे संस्थानी प्रदेशांतील घराण्यांकडे अशी शस्त्रे राहिली, पण अनेकदा त्यांचे खरेदीचे कागद, परवाने किंवा नोंदी राहिल्या नाहीत. विलीनीकरणानंतर एकच कायदा सर्वत्र लागू झाला. आज एखाद्या वारसाला आजोबांच्या पिस्तुलाचा कागद सापडत नाही, त्यामागे पुष्कळदा निष्काळजीपणापेक्षा हा इतिहास असतो.

प्रकार व कालनिश्चिती

जतन की वापर, याचा निर्णय शस्त्राचा प्रकार कळल्याशिवाय करता येत नाही. मराठी बोलीत तोंडातून भरायच्या सर्व बंदुकांना सरसकट ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. दारू, लगदा व शिशाची गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासणे, ही तिची भरण्याची रीत. पेट घेण्याच्या पद्धतीवरून मात्र तिचे वेगवेगळे प्रकार पडतात. तोड्याच्या बंदुकीत जळती वात कानाशी नेली जाते. चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते व ती पोलादी पात्यावर आपटून ठिणगी पडते. १९ व्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात स्फोटक टोपीचा वापर रूढ झाला. घोडा या तांब्याच्या लहान टोपीवर आपटतो. अनेक चकमकी पिस्तुले त्या काळातच टोपीच्या पद्धतीवर बदलून घेण्यात आली. असा जुना बदल हा त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग मानला जातो, दोष नव्हे.

यानंतरचा टप्पा काडतुसाचा. सॅम्युएल कोल्टच्या फिरत्या कोठीच्या शस्त्राला १८३६ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. वेब्ली रिव्हॉल्व्हर १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्यात अधिकृतपणे दाखल झाले आणि त्याचा सहावा नमुना १९१५ मध्ये आला. ब्रिटिश भारतातील अधिकारी, संस्थानिक व पहिल्या महायुद्धात सेवा बजावलेले लष्करी अंमलदार यांच्याकडे अशी रिव्हॉल्व्हरे असत. माउझर (१८९६) व ब्राउनिंग यांची स्वयंभरण पिस्तुले विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात पोहोचली होती. १९०९ मध्ये लंडनहून अभिनव भारताच्या कार्यकर्त्यांसाठी पाठवण्यात आलेली ब्राउनिंग पिस्तुले आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर केलेला गोळीबार या घटना मराठी वाचकाला परिचित आहेत.

कालनिश्चितीसाठी नळीवरील चाचणीच्या मुद्रा सर्वांत उपयोगी पडतात. लंडन व बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांत प्रत्येक नळी जादा दारू भरून तपासली जाई आणि उतरली तर तिच्यावर शिक्का मारला जाई. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. बेल्जियममधील लिएज येथील मुद्राही भारतातील जुन्या शस्त्रांवर दिसतात. मुद्रा, अनुक्रमांक, कारागिराचे नाव आणि मुठीवरील कोरीवकाम ही पिस्तुलाची ओळखपत्रे होत. घासूनपुसून चकचकीत केलेल्या पिस्तुलावरून सर्वांत आधी हीच नाहीशी होतात.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत. स्फोटकाच्या किंवा अन्य ऊर्जेच्या बळावर प्रक्षेप्य फेकण्यासाठी बनवलेले कोणतेही शस्त्र ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येत येते. व्याख्येत वयाची अट नाही. १७९० सालचे चकमकी पिस्तूल आणि गेल्या वर्षी कारखान्यातून आलेले रिव्हॉल्व्हर, दोन्ही तिच्यात बसतात.

सूट देणारी तरतूद कलम ४५ मध्ये आहे. कालबाह्य नमुन्याचे, पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेले किंवा मोडकळीस आलेले शस्त्र अधिनियमाच्या बाहेर राहते. परंतु ते दुरुस्तीशिवाय किंवा दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट आहे. ‘दुरुस्ती करूनही’ हे शब्द निर्णायक आहेत. कमान तुटलेले, गारगोटी नसलेले किंवा घोडा अडकलेले पिस्तूल आज चालत नसले तरी कुशल कारागिराच्या हातून चालू होऊ शकते, म्हणून ते आपोआप सूटपात्र ठरत नाही. ‘शंभर वर्षांचे झाले, आता परवाना लागत नाही’ हा समज चुकीचा आहे. तो बहुधा पुराणवस्तूंच्या कायद्यातील शंभर वर्षांच्या मर्यादेवरून किंवा परदेशी कायद्यांच्या ऐकीव माहितीवरून रूढ झाला असावा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे सामान्यतः पुराणवस्तू मानली जातात. ब्रिटनमध्ये कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगलेल्या जुन्या शस्त्राला सवलत आहे. भारताच्या अधिनियमात सुटीचा निकष वयाचा नसून क्षमतेचा आहे.

पिस्तूल सूटपात्र नसेल तर परवाना आवश्यक ठरतो. भोर व वेल्हे हे तालुके पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येत असल्याने परवाना देणारे प्राधिकारी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे पुण्याचे जिल्हाधिकारी असतात. लष्करी काडतूस बसणारी काही जुनी शस्त्रे प्रतिबंधित बोअरच्या वर्गात मोडतात. त्यांचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल संख्या ३ वरून २ वर आली आणि परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षे झाली. वारशाने आलेल्या शस्त्रालाही दोनची मर्यादा लागू आहे. ज्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक, पणजोबांचे रिव्हॉल्व्हर आणि एक चकमकी पिस्तूल आहे, तेथे एकट्या वारसाला तिन्ही आपल्या नावे ठेवता येत नाहीत. वारशाच्या वस्तूंना या मर्यादेतून वगळण्याचा विचार झाला असता तर जतनाच्या दृष्टीने ते सोयीचे ठरले असते. प्रत्यक्षात कायद्याने संख्येच्या बाबतीत वारसावस्तू आणि नवी खरेदी यांत फरक केलेला नाही.

परवानाधारकाचा मृत्यू झाल्यावर शस्त्र घरात तसेच पडू देणे हा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत महागात पडणारा प्रमाद आहे. बाळगण्याचा अधिकार संपताच शस्त्र अनावश्यक विलंब न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ठरावीक मुदतीत ते सोडवून घेतले नाही तर सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या नियमांनुसार मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. धारकाचे वय ७० वर्षे झाले असेल किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर हयातीतही ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. जतनाच्या दृष्टीने हयातीतील हस्तांतर अधिक हिताचे असते. शस्त्र पोलीस ठाण्याच्या कोठारात पावसाळे काढत नाही, आणि ते कोणाचे, कोठून आले, याची माहिती देणारी व्यक्ती हयात असते. निवडणुकीच्या काळात मात्र परवानाधारक शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. जिल्ह्याची छाननी समिती कोणाचे शस्त्र जमा करायचे ते ठरवते. नाजूक वस्तू जमा करताना तिचे छायाचित्र, अनुक्रमांक आणि स्थिती यांची नोंद पावतीवर करून घेणे उपयुक्त असते.

विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २ ते ५ वर्षांच्या कारावासाची व दंडाची तरतूद आहे. शस्त्राची दुरुस्ती, चाचणी किंवा रूपांतर व्यवसाय म्हणून करण्यासाठीही परवाना लागतो. त्यामुळे गावातील लोहाराकडून पिस्तुलाचा घोडा बसवून घेणे हे मालक व लोहार दोघांनाही अडचणीत आणणारे कृत्य आहे.

वापराचा प्रश्न

जुने पिस्तूल वापरण्याची कारणे तीन दिली जातात: स्वसंरक्षण, शेताची राखण आणि समारंभातील बार. यांपैकी पहिले कारण तांत्रिकदृष्ट्या सर्वांत दुबळे आहे. शंभर वर्षांच्या रिव्हॉल्व्हरच्या कमानी थकलेल्या असतात आणि कोठी व नळी यांची सरळ रेष ढळलेली असू शकते. गोळी सुटेल की नाही याची खात्री नसलेले शस्त्र संकटात धोकाच वाढवते. पिनफायरसारख्या १९ व्या शतकातील काही पद्धतींची काडतुसे आता सहज मिळतही नाहीत. घरात जपलेली जुनी काडतुसे वापरणे तर अधिक घातक, कारण त्यांतील स्फोटक टोपी उशिरा पेटू शकते किंवा गोळी नळीतच अडकू शकते. अशा अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेली तर नळी फुटते.

दारूचा प्रकार हा आणखी एक धोका आहे. १८८० च्या दशकापर्यंत सर्व शस्त्रे काळ्या दारूसाठी घडवली जात. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूररहित दारू तयार झाली व काही वर्षांत तिने काळ्या दारूची जागा घेतली. धूररहित दारूचा दाब कितीतरी अधिक असतो. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून बनवलेल्या जौहरदार नळ्या दिसायला अतिशय सुंदर असतात, परंतु त्यांच्या सांध्यांत आतून गंज शिरलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. अशा नळीत आधुनिक काडतूस घालणे म्हणजे हातात फुटणारी वस्तू धरणे होय. काळी दारू वापरली तरी प्रश्न सुटत नाही. तिची राख हवेतील ओल शोषते, आणि नळी त्याच दिवशी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल दिले नाही तर मावळातील हवेत गंज फार लवकर धरतो.

शेताच्या राखणीसाठी पिस्तूल कधीच योग्य नव्हते, पण ठासणीची बंदूक होती. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पिकांच्या प्रामाणिक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. सह्याद्रीच्या कुशीतील भातखाचरे व नाचणीची शेते रानडुकरांपासून राखण्याची गरज आजही आहे. तथापि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर परवानाधारक बंदूक असली तरी रानडुकराला मारण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. बंदुकीचा परवाना आणि शिकारीची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकदा विसरले जाते.

मिरवणुकीत किंवा लग्नात हवेत बार काढण्याची हौस २०१९ च्या दुरुस्तीने थेट गुन्ह्याच्या कक्षेत आणली. इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने समारंभात गोळीबार केल्यास २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवजयंती किंवा ऐतिहासिक प्रसंगांच्या सादरीकरणात लाकडी वा ओतीव प्रतिकृती वापरणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. मूळ वस्तू हातोहात फिरली की मुठीवरील हस्तिदंताचा तुकडा किंवा चांदीची पट्टी गळून पडते, आणि कोठे पडली ते कोणालाच कळत नाही.

या विषयावर संग्राहकांमध्ये एकमत नाही. काहींच्या मते यंत्र चालते राहिले तरच त्याची कारागिरी समजते, आणि न चालणारी कमान घट्ट होऊन मोडते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते गोळी झाडण्याचे समर्थन ठरत नाही. घोडा हाताने धरून हळू पुढे आणणे आणि रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून घोडा आपटू देणे यांतही मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराने जुन्या यंत्राचे निप्पल किंवा आघातसुई तुटते.

निकामी करण्याचा पर्याय

परवान्याच्या कटकटीपेक्षा पिस्तूल कायमचे निकामी करून घ्यावे, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. नळीत धातू ओतणे, कानाचे छिद्र वितळजोडीने बुजवणे किंवा कोठी कापणे हे त्याचे प्रकार होत. यामुळे कलम ४५ मधील अट पूर्ण होऊ शकते, पण वस्तूचे ऐतिहासिक मूल्य मोठ्या प्रमाणात नष्ट होते. वितळजोडीच्या उष्णतेने नळीवरील जुना निळा-तपकिरी रंग जळतो व मुद्रा पुसट होतात. एकदा केलेला हा बदल परत फिरवता येत नाही.

म्हणून पुराणवस्तू म्हणून खरोखर महत्त्वाचे असलेले पिस्तूल अखंड ठेवून परवाना घेणे व काडतुसे न घेणे हा मार्ग श्रेयस्कर मानला जातो. परवाना असला म्हणजे दारूगोळा बाळगलाच पाहिजे असे नाही. ज्या पिस्तुलाची नळी आधीच आतून खाऊन गेली आहे किंवा ज्याचे यंत्रच उरलेले नाही, त्याबाबत ते दुरुस्तीपलीकडे आहे हे तज्ज्ञाकडून तपासून प्राधिकाऱ्यांकडून लेखी करून घेणे पुरते. असा निर्णय मालकाने स्वतःच्या मनाने करून स्वस्थ बसणे मात्र सुरक्षित नाही.

खंडेनवमी व पूजेतील शस्त्रे

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, आणि दसऱ्याला शस्त्रपूजन होते. वर्षभर पेटीत असलेली शस्त्रे या दिवशी बाहेर निघतात, हे जतनाच्या दृष्टीने चांगलेच आहे. निदान वर्षातून एकदा तरी गंज दिसतो. परंतु पूजेच्या तयारीसाठी शस्त्रे पॉलिश कागदाने, राखेने किंवा चिंचेने घासण्याची पद्धत त्यांची सर्वाधिक हानी करते. चिंच व लिंबू यांतील आम्ल पोलादाचा पृष्ठभाग खाते. ओले हळदकुंकू, फुलांचा ओलावा आणि नारळाचे पाणी मुठीच्या सांध्यांत उतरते व दसऱ्यानंतर शस्त्र तसेच गुंडाळून ठेवले की आतून गंज सुरू होतो.

पूजा न मोडता हे टाळता येते. शस्त्र कोरड्या सुती कापडावर ठेवून हळदकुंकू त्याच्यापुढील पानावर किंवा कागदावर वाहतात, फुले दस्त्याला न लावता बाजूला ठेवतात आणि पूजेनंतर लगेच शस्त्र कोरडे पुसून तेलाचा हात फिरवतात.

जतनाची पद्धत

जुने पिस्तूल हाती घेण्यापूर्वी ते भरलेले आहे असेच समजावे लागते. ठासणीच्या शस्त्रात ही शक्यता खरीखुरी असते. शेवटचा बार न काढताच ते टांगून ठेवलेले असते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेट घेऊ शकते. तपासणीसाठी लाकडी काठी नळीत सोडून ती किती खोल जाते ते मोजतात. हीच लांबी बाहेरून नळीच्या तोंडापासून कानापर्यंतच्या अंतराशी ताडून पाहतात. काठी आधीच अडली तर आत काहीतरी आहे. ते घरी काढण्याचा प्रयत्न न करता पोलीस किंवा परवानाधारक बंदूक कारागीर यांच्याकडे न्यावे लागते. लोखंडी गज वापरू नये, कारण त्याच्या घर्षणाने ठिणगी पडू शकते.

गंज दोन प्रकारचा असतो. गडद तपकिरी, घट्ट व गुळगुळीत थर हा वयाचा रंग आहे. तो पोलादाचे रक्षणही करतो आणि शस्त्राच्या खरेपणाची साक्षही देतो. तांबडा, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज मात्र जिवंत असतो. तो तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने, घाई न करता काढतात. निकेलचा मुलामा देणे, नवा रंग मारणे किंवा दस्त्याला वॉर्निश लावणे हे जतन नव्हे.

साठवणुकीत सर्वांत मोठी चूक चामड्याच्या म्यानाची होते. चामडे ओल धरते व त्यातील कमावण्याची द्रव्ये धातूला खातात. त्यामुळे म्यान व पिस्तूल वेगवेगळे ठेवावे लागतात. भोर-वेल्ह्यातील जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती पावसाळ्यात पाझरतात, म्हणून शस्त्र बाहेरच्या भिंतीवर न टांगता आतल्या खोलीत, कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे इष्ट असते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर लोखंडाचा गंज पुष्कळ मंदावतो. उघड्या हाताच्या घामातील क्षारांनी बोटांचे ठसे अक्षरशः गंजात उमटतात. हातमोजे त्यासाठी असतात.

नोंदी व संग्रहालये

नोंद हा जतनाचा सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. शस्त्राची मापे, मुद्रा, अनुक्रमांक, छायाचित्रे, घराण्यातील ऐकीव माहिती आणि असल्यास मोडी कागद यांची एकत्र नोंद नसेल तर दोन पिढ्यांत ते ‘कुठलेसे जुने पिस्तूल’ होऊन बसते. भगतसिंग यांच्या पिस्तुलाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे साँडर्सवर झालेल्या हल्ल्याच्या खटल्याशी संबंधित असलेले हे .३२ बोअरचे कोल्ट स्वयंभरण पिस्तूल पुढे सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रसंग्रहात होते. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग दिला गेला होता. रंग काढल्यावर १६८८९६ हा अनुक्रमांक दिसला, तो जुन्या नोंदींशी जुळला आणि मग पिस्तुलाची ओळख पटली. नंतर ते पंजाबातील हुसैनीवाला येथील संग्रहालयात नेण्यात आले. चांगल्या हेतूने दिलेल्या रंगाने ओळख झाकली, आणि एका आकड्याने ती परत दिली.

ज्या कुटुंबांना शस्त्र ठेवणे शक्य नाही त्यांच्यासाठी संग्रहालयाला देणगी हा पर्याय आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे दिनकर गंगाधर ऊर्फ काका केळकर यांनी घरोघरी फिरून जमवलेल्या वस्तूंचे आहे. तो संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सोपवण्यात आला आणि त्यात शस्त्रांचे दालन आहे. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, औंध येथील श्री भवानी संग्रहालय व कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील संग्रहालय येथेही जुनी शस्त्रे पाहता येतात. देणगीपूर्वी परवान्याची व हस्तांतराची प्रक्रिया जिल्हाधिकारी कार्यालयातून पूर्ण करावी लागते. पिशवीत पिस्तूल घालून थेट संग्रहालयाच्या दारात जाणे, ही वाटेत गुन्हा ठरू शकणारी गोष्ट आहे.

विक्रीबाबत आणखी एक कायदा लागू होतो. पुराणवस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांपेक्षा कमी नसलेली ऐतिहासिक वस्तू पुराणवस्तू ठरते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशी लिलावांतील किमती ऐकून येथील पिस्तुलाचे मोल ठरवण्यात त्यामुळे अर्थ नसतो.

भिंतीत व जमिनीत सापडणारी शस्त्रे

वाडा पाडताना कोनाड्यामागे, माळ्यावर किंवा जमिनीत शस्त्र सापडल्यास स्थिती वेगळी असते. निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडलेली, १० रुपयांपेक्षा अधिक मूल्याची कोणतीही वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. प्रजेची शस्त्रे परवान्याखाली आणणारा कायदा आणि पुरून ठेवलेल्या वस्तूंचा हिशेब मागणारा कायदा एकाच वर्षी झाले, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. सापडलेली वस्तू अग्निशस्त्र असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यालाही तत्काळ कळवणे आवश्यक ठरते. कळवण्यापूर्वी ती धुणे, घासणे किंवा चाप ओढून पाहणे टाळावे लागते.

किल्ल्यांवरील वस्तूंचा प्रश्नच उद्भवत नाही. राजगड हे राज्य संरक्षित स्मारक असून जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. पावसाळ्यानंतर गडाच्या उतारावर उघडी पडणारी शिशाची गोळी, बंदुकीच्या नळीचा तुकडा किंवा तोफगोळा जागेवरच राहू देऊन, जागेचे छायाचित्र घेऊन पुरातत्त्व विभागाला कळवायचे असते. उचलून घरी आणलेल्या गोळीची केवळ वस्तू उरते. ती तटाच्या आत सापडली की बाहेर, कोणत्या बुरुजाखाली आणि किती खोलीवर, ही माहिती गडावरच राहून जाते.